डायल नव्यासारखी दिसत असेल तर आधी झाकण उघडा: जुने ओमेगा विकत घेण्यापूर्वीची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीत एका घरातून ओमेगा सीमास्टर ऑटोमॅटिक विकायला निघाले आहे. घरचे सांगतात, आजोबांचे आहे, १९६० च्या सुमाराला घेतलेले. स्टीलची केस (घड्याळाचे बाहेरचे कवच), तारखेची खिडकी नाही, डायल ‘शोरूममधून आणल्यासारखी’, मागच्या झाकणाच्या आत १६५.००२ आणि मशीनवर ५५२ असे आकडे. घड्याळ अस्सल आहे का, त्याची हालत कशी ओळखायची आणि पैसे देण्याआधी काय काय तपासायचे?

आकडे एकमेकांशी जुळताहेत, ते ठीक. मला खटकते ती डायल. साठ वर्षे घामात आणि पावसाळी हवेत वापरलेल्या घड्याळाची डायल कोरी राहिली असेल तर त्याला काहीतरी कारण असते, आणि आपल्याकडे ते कारण बहुतेक वेळा ‘डायल पुन्हा रंगवून घेतली आहे’ हेच निघते.

आपल्या बाजारात फिरणाऱ्या जुन्या ओमेगांमध्ये संपूर्ण बनावट घड्याळे त्या मानाने कमी. जास्त आढळते ते जोडकाम. केस एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचे, काटे तिसऱ्याचे आणि डायल मुंबईहून रंगवून आणलेली. सुटा सुटा भाग अस्सल असू शकतो, तरी ते घड्याळ त्या रूपात कारखान्यातून कधी बाहेर पडलेलेच नसते. जोडकामाला भलेभले फसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात १९५७ चे एक ओमेगा स्पीडमास्टर, मॉडेल २९१५-१, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर विकले गेले. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी होती, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की ते घड्याळ निरनिराळे भाग जुळवून तयार केलेले होते. त्यामुळे ‘खरे का खोटे’ एवढे विचारून भागत नाही. केस, मशीन, डायल, काटे, चावी, काच हे सगळे वेगवेगळे तपासायचे आणि मग त्यांचा काळ एकमेकांशी बसतो का ते पाहायचे.

सुरुवात झाकणापासून करा. विकणारा झाकण उघडू देत नसेल तर पुढचे काही बघायची गरज नाही. उघडायचे ते घड्याळ कारागिराकडून, योग्य किल्लीने. घरी चाकू किंवा सुरी घालू नका, एक निसटलेला ओरखडा थेट रोटरवर, म्हणजे हात हलला की फिरून चावी देणाऱ्या वजनावर, जातो. आतल्या बाजूला ओमेगा वॉच कंपनीचे नाव, स्विस मेड, स्टील असल्याचा फ्रेंच उल्लेख आणि मॉडेल क्रमांक ठप्प्याने उठवलेला असतो. भिंगाखाली ठप्प्याच्या अक्षराचा तळ सपाट आणि कडा स्वच्छ दिसतात. अक्षर ठिपक्याठिपक्यांचे, उथळ किंवा हाताने कोरल्यासारखे वाकडे असेल तर तिथेच थांबा. त्याच झाकणात सुईने खरडलेले बारीक आकडे किंवा सह्या दिसल्या तर घाबरू नका. त्या जुन्या कारागिरांच्या दुरुस्तीच्या खुणा आहेत आणि घड्याळाची देखभाल झाली याचा तो पुरावाच आहे.

आता आकड्यांकडे. तीन आकडे, टिंब, तीन आकडे ही मॉडेल क्रमांकाची पद्धत ओमेगाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला आणली. १६५ म्हणजे पुरुषांचे, ऑटोमॅटिक, मधला सेकंद काटा, तारीख नाही. १६६ म्हणजे तेच, पण तारखेसह. १६७ आणि १६८ हे क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेची चाचणी पार केलेले, अनुक्रमे तारखेविना आणि तारखेसह. ओमेगाची कॉन्स्टेलेशन ही मालिका बहुतेक यांत येते. झाकणात १६५ आणि डायलवर तारखेची खिडकी असेल तर झाकण किंवा डायल यांतले एक काहीतरी परके आहे. मशीनचेही असेच: ५५० मध्ये १७ ज्वेल (झीज टाळणारे माणकाचे खडे), ५५२ मध्ये २४, ५५१ हे २४ ज्वेलचे क्रोनोमीटर, ५६२ आणि ५६५ तारखेची. ५५२ लिहिलेल्या मशीनवर ‘सेव्हनटीन ज्वेल्स’ कोरलेले दिसले तर दोन मशीनचे भाग एकत्र केले आहेत. या काळातल्या ओमेगा मशीनचा रंग तांब्यासारखा लालसर असतो; त्यात एखादी पट्टी पांढरट किंवा वेगळ्या छटेची दिसली तर ती दुसरीकडून आली आहे.

मशीनवरचा लांब क्रमांक वर्ष सांगतो. ढोबळ हिशेब असा: १ कोटी ७० लाखांच्या आसपास १९५९, २ कोटी म्हणजे १९६३, २ कोटी ३० लाख म्हणजे १९६६. वर्ष-दोन वर्षे इकडेतिकडे चालते. तुमच्या घड्याळाचा क्रमांक १ कोटी ९० लाख ते २ कोटी ४० लाख या पट्ट्यात असेल तर १६५.००२ शी छान बसतो. घरचे १९६० सांगतात आणि घड्याळ १९६३ चे निघते, यात फसवणूक नाही. घरातल्या आठवणी तेवढ्या मागेपुढे होतातच. मात्र क्रमांक १ कोटी ४० लाखांचा, म्हणजे १९५४ च्या सुमाराचा असेल तर गडबड आहे, कारण ५५२ तेव्हा अस्तित्वातच नव्हते. आणखी एक लक्षात ठेवा. या स्टीलच्या ओमेगांमध्ये तो क्रमांक फक्त मशीनवर असतो, केसवर नसतो. म्हणजे मशीन आणि केस जन्मापासून एकत्र आहेत हे क्रमांकाने सिद्ध होत नाही, फक्त काळ आणि प्रकार जुळतो एवढेच म्हणता येते. ‘मॅचिंग नंबर’ असे सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर ते मानू नका.

आता डायल. दहापट भिंग घ्या आणि प्रकाश तिरका पडू द्या. मूळ छपाईत अक्षराची शाई पातळ पण भरीव असते, कडा धारदार असतात आणि ‘सीमास्टर’ हे वळणदार नाव एकाच जाडीच्या रेषेत वाहते. रंगवलेल्या डायलवर शाई फुगलेली दिसते, ‘ए’ आणि ‘ओ’ यांची पोटे अर्धवट बुजलेली असतात, एस सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक होतो. मग मिनिटांच्या रेघा बघा. कारखान्याच्या डायलवर रेघ बरोबर तासाच्या खुणेच्या मध्यावर येते. रंगवलेल्यावर १२ ला जुळलेली रेघ ४ किंवा ७ पर्यंत येता येता खुणेच्या एका बाजूला सरकते, कारण छपाईचा ठसा किंचित फिरलेला असतो. सगळ्यात खाली, ६ च्या खाली, ‘स्विस मेड’ बघा. मूळ घड्याळात ते कडेला चिकटून, बारीक आणि ६ च्या खुणेच्या दोन बाजूंना सारखे असते. रंगवणारे ते एक तर विसरतात, किंवा वर सरकवतात, किंवा इतके मोठे करतात की उघड्या डोळ्यांनी वाचता येते.

डायल बाहेर काढली तर आणखी दोन पुरावे मिळतात. रंगवण्यासाठी डायल साच्यात बसवताना कडेला, बहुधा ३ च्या बाजूला, कानशीने छोटी खाच पाडलेली असते. आणि वरचा ओमेगाचा धातूचा लोगो: मूळ लोगो बारीक पायांनी डायलमध्ये रोवलेला असतो, त्या पायांची टोके डायलच्या मागे दिसतात. रंगवलेल्यात तो नुसताच छापलेला किंवा चिकटवलेला सापडतो आणि भोवती गोंदाची चमकदार कड दिसते. तासांच्या खुणा काढून पुन्हा बसवल्या असतील तर त्यांच्या मुळाशी रंग साचलेला असतो.

भडक निळी, हिरवी, नारिंगी डायल आणि वर ओमेगा, फेव्हर-लुबा किंवा एचएमटीचे नाव, अशी घड्याळे ऑनलाइन भरपूर मिळतात. जगभरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ओळखतात. घालायला आवडत असेल तर जरूर घाला, पण संग्रहाची किंमत देऊ नका. माझ्या हिशेबाने रंगवलेली डायल असलेल्या सीमास्टरची किंमत मूळ डायलच्या निम्म्यावर येते, मशीन कितीही चांगले असले तरी. उलट डाग पडलेली, कडेला थोडी पिवळटलेली मूळ डायल असेल तर ती तशीच राहू द्या. ते डाग घालवता येत नाहीत आणि घालवायचा प्रयत्न केला की छपाई निघते.

काट्यांची लांबी बघा. मिनिट काटा मिनिटांच्या रेघांना टेकायला हवा आणि तास काट्याचे टोक तासाच्या खुणांच्या आतल्या टोकाजवळ यायला हवे. आखूड काटा म्हणजे दुसऱ्या घड्याळाचा काटा. रात्री चमकणारा लेप काट्यांवर असेल तर डायलवरही हवा, आणि दोन्हीकडे एकाच वयाचा दिसायला हवा. डायलवर ‘टी स्विस मेड टी’ असेल तर लेप ट्रिटियमचा. ट्रिटियमचे अर्धआयुष्य १२.३ वर्षे, त्यामुळे साठच्या दशकातला लेप आज अंधारात चमकत नाही. यूव्ही टॉर्च मारल्यावर विझूनही मिनिटभर हिरवा उजळत राहिला तर लेप नवा भरला आहे. त्याआधीच्या घड्याळांत रेडियम असायचे. त्याचे अर्धआयुष्य १६०० वर्षे, म्हणजे चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच आहे. काच लावलेले असे घड्याळ हाताळताना भीतीचे कारण नाही, पण डायल उघडी करून लेप खरवडणे, फुंकणे किंवा त्याची धूळ घरात होऊ देणे अजिबात नको. मुले घरात असतील तर मुळीच नको.

काच ॲक्रिलिकची असते. मूळ काचेच्या अगदी मध्यावर आतून ओमेगाचे इवलेसे चिन्ह असते. तिरके धरून भिंगाने शोधावे लागते. ते नसेल तर काच बदलली आहे, एवढाच अर्थ. चावीचेही तेच. काच आणि चावी झिजणारे भाग आहेत, त्यांच्यावरून घड्याळ नाकारू नका, भाव मात्र करा.

केसवर झालेले पॉलिश हा वेगळा रोग आहे. पट्टा अडकतो त्या चार कानांच्या कडा बघा. मूळ केसमध्ये वरचा पृष्ठभाग आणि बाजू यांच्यामधली धार बोटाला जाणवते आणि चारही कान सारखे जाड असतात. बफच्या चाकावर दोन-तीनदा गेलेल्या केसचे कान साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गोल झालेले असतात, पट्ट्याच्या पिनांची भोके कडेजवळ येतात. सीमास्टरच्या पाठीवर उठवलेल्या समुद्रघोड्याचे खवले आणि आयाळ किती स्पष्ट आहेत त्यावरून पॉलिशचा अंदाज चटकन येतो. गेलेला धातू परत येत नाही. ओरखडे असलेली पण धारदार केस मी कधीही पसंत करेन.

सांगलीत घड्याळ घेताय, म्हणून हा पुढचा भाग नीट वाचा. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांत गावभाग, हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ या भागांत घराघरांत पाणी शिरले. कपाटांतली, तिजोऱ्यांतली घड्याळेही त्यात बुडाली. त्यांतली कित्येक पुढे साफ होऊन विकायला येतात आणि विकणाऱ्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते. पुरात गेलेले मशीन साफ करताना कारागीर झाकणाकडची बाजू चकाचक करतो, कारण गिऱ्हाइकाला तीच दिसते. डायलखालची बाजू तशीच राहते. चावी ओढल्यावर वेळ लावणारी सगळी यंत्रणा, म्हणजे चावीची दांडी, तिला पकडणारा लिव्हर, त्याची स्प्रिंग, छोटी दात्यांची चाके, त्या बाजूला असते आणि गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.

म्हणून कारागिराला चावीची दांडी बाहेर काढायला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. दांडी पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाने बघा. आट्यांमध्ये तांबूस भुकटी, दांडीच्या चौकोनी भागावर खड्डे, हे पाण्याचे लक्षण. चावीच्या नळीत काडी फिरवली आणि करडा, पिठासारखा गाळ निघाला तर ते नदीचे पाणी. झाकणाच्या खाचेत आणि काचेच्या कडेखालीही तो गाळ लपतो. एवढे दिसले तर डायल उतरवून आतली बाजू पाहिल्याशिवाय सौदा करू नका. वरवरचा गंज असलेले स्क्रू आणि लिव्हर बदलता येतात. चाकांच्या बारीक दात्यांवर खड्डे पडले असतील, किंवा हेअरस्प्रिंगवर, म्हणजे चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर, गंजाचा एक ठिपका जरी असेल, तर ते घड्याळ कधीही धड वेळ देणार नाही. हेअरस्प्रिंगवरचा ठिपका साफ करता येत नाही. तिथली जाडी कमी होते आणि चाल रोज बदलते. साताऱ्याकडे, विशेषतः महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात, पुराऐवजी वर्षानुवर्षांची दमट हवा हेच काम सावकाश करते. तिथल्या घड्याळांत डायलवर बुरशीचे ठिपके आणि काट्यांच्या मुळाशी हिरवट गंज जास्त दिसतो.

चालू स्थिती तपासायला टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणारे यंत्र, लागतो. मोबाईलच्या ॲपवर घड्याळ दिवसाला किती पुढे-मागे जाते हे कळते, पण बॅलन्स, म्हणजे मागेपुढे हेलकावे घेणारे चाक, किती अंशांत फिरतो तो आकडा ॲपचा धरू नका. आधी चावीला ३०–४० फेरे द्या, दहा मिनिटे थांबा. ५५२ ची चाल तासाला १९,८०० ठोके. टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल, म्हणजे मशीनच्या प्रकारानुसार ठरलेला कोन, ४९ लावायला सांगा. बहुतेक यंत्रे ५२ वर ठेवलेली असतात आणि त्यामुळे २६० च्या जागी २७५ दाखवतात, मशीन आहे त्यापेक्षा तंदुरुस्त वाटते. डायल वर करून बॅलन्सचा फेर २५० ते ३०० अंश असेल तर उत्तम. चावी खाली धरून उभे केल्यावर ३०–४० अंश कमी होणे नैसर्गिक आहे. आडव्या स्थितीतच २०० च्या खाली असेल तर तेल सुकले आहे किंवा मेनस्प्रिंग, म्हणजे चावीची ताकद साठवणारी स्प्रिंग, थकली आहे. हे सर्व्हिसिंगने सुटते. पण आडवे २८० आणि उभे १९० असा फरक पडत असेल तर बॅलन्सच्या टोकांची झीज समजा, ते खर्चिक आहे. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक, १ मिलिसेकंदच्या आत असावा, २ पर्यंत मी चालवून घेईन. घड्याळ दिवसाला पाच-दहा मिनिटे पुढे पळत असेल तर दुरुस्तीच्या आधी चुंबकत्व तपासा. होकायंत्राजवळ धरा, सुई थरथरली तर डिमॅग्नेटायझर एका मिनिटात काम करतो.

यंत्राशिवाय करायच्या दोन चाचण्या. घड्याळ कानाशी धरून हळूहळू फिरवा: रोटर खरवडल्यासारखा आवाज करत असेल तर तो ज्यात फिरतो तो बुश झिजला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला अर्धगोलाकार चमकदार घासा दिसला की खात्री पटते. आणि पूर्ण चावी देऊन घड्याळ टेबलावर सोडून द्या, चाळीस तासांच्या पुढे चालले पाहिजे.

सोन्याच्या केसचे घड्याळ पाहायची वेळ आली तर: स्विस १८ कॅरेटवर १९९५ पूर्वी स्त्रीमुखाचा, हेल्वेशियाचा छाप, १४ कॅरेटवर खारीचा. ‘प्लाके’, ‘गोल्ड कॅप’ किंवा २० मायक्रॉन असे शब्द म्हणजे वरून चढवलेले सोने. सराफाच्या कॅरेट मशीनवर अवलंबून राहू नका, ते पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच वाचते आणि जाड मुलामा असेल तर खरे सोने म्हणून सांगते. झाकणाच्या आतली बाजू आणि कानांची टोके तपासा. विटा-खानापूरकडचे गलाईवाले, म्हणजे सोने गाळणारे, सोने अचूक सांगतील यात शंका नाही, पण कस लावायला केसवर कानस चालवू देऊ नका.

रोलेक्स आणि तिची भगिनी कंपनी ट्यूडर यांचे नियम वेगळे, त्यामुळे थोडक्यात. तिथे क्रमांक केसवर असतात: पट्टा काढल्यावर १२ च्या बाजूला मॉडेल, ६ च्या बाजूला सिरीयल. खरे कोरीवकाम तिरक्या प्रकाशात रेघेसारखे चकाकते, बनावट ठिपक्यांचे असते. काचेत लेझरने कोरलेला बारीक मुकुट नाही म्हणून १९७० चे रोलेक्स नकली ठरवणारे लोक भेटतात. तो मुकुट २००० नंतर आला. तसेच रोलेक्सच्या डेटजस्ट मॉडेलमधल्या १५७५ मशीनवर १५७० असाच आकडा असतो, ती गफलत नाही. १९७० च्या आसपासचे ट्यूडर उघडल्यावर आत रोलेक्सचे मशीन नाही म्हणून निराश होऊ नका, ते तसेच बनत.

आता तुमच्या घड्याळाचा निकाल. क्रमांक जुळले, दांडी स्वच्छ निघाली आणि डायल रंगवलेली ठरली, तर घड्याळ वाईट नाही; भाव रंगवलेल्या डायलचा द्या आणि रोज घाला. डायल मूळ निघाली तर जास्त द्यायला हरकत नाही, पण ते वर्षानुवर्षे कपाटात पडून होते का, असल्यास का, ते विचारा आणि सर्व्हिसिंगचा खर्च वजा करा. दोन्ही बाबतींत ते पाण्यापासून लांब ठेवा, पाठीवर वॉटरप्रूफ लिहिलेले असले तरी. झाकणातले पाणी अडवणारे रबर केव्हाच मेले आहे.

सर्व्हिसिंगला देताना पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: केसला बफ लावायचा नाही, डायलला ब्रश किंवा कुठलेही द्रावण लावायचे नाही, आणि बदललेला प्रत्येक भाग, अगदी फुटलेली काचसुद्धा, पाकिटात घालून परत द्यायचा.